गावाकडचे घर आणि किडामुंगी

विषयाची व्याप्ती

गेल्या काही दशकांत नागपूर शहर वर्धा, हिंगणा, उमरेड आणि काटोल या रस्त्यांनी बाहेर पसरत गेले. शेतजमिनीवर लेआउट पडले, निवृत्त मंडळींनी शेतातच घर बांधले, काही तरुण कुटुंबे मुद्दाम खेड्यात राहायला गेली. अशा घरांतून पहिल्या पावसाळ्यात येणारी तक्रार बहुधा एकच असते: किडे फार. तक्रार खरी आहे. पण तिच्यात भीती आणि धोका यांची गल्लत असते. मोठे, केसाळ, भरभर पळणारे आणि म्हणून घाबरवणारे बहुतेक जीव निरुपद्रवी असतात. खरोखर आजार देणारे जीव मात्र इतके बारीक असतात की त्यांच्याकडे लक्षच जात नाही. परिणामी झाडू, फवारा आणि पैसा यांतले बरेच काही चुकीच्या शत्रूवर खर्च होते. घरात आणि आवारात कोण येते, कशासाठी येते आणि कोणाची खबरदारी घ्यायची, याची मांडणी येथे नागपूर जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे.

परिसराचे स्वरूप

नागपूर जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांत संत्र्याच्या बागा आणि कापूस. पूर्वेला मौदा, रामटेककडे धान. दक्षिणेला उमरेड-भिवापूरकडे कापूस, सोयाबीन, मिरची आणि त्याला लागून जंगल. घर कोणत्या पिकाच्या शेजारी आहे, यावर त्याच्या खिडकीत कोणता किडा येणार हे ठरते. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी कसदार जमीन आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा ती भेगाळते, आणि त्या भेगांत विंचू, गोम, रातकिडे, मुंग्या यांना सावली व ओल मिळते. पावसाने माती फुगून भेगा मिटल्या की हेच रहिवासी बाहेर पडतात आणि जवळचा कोरडा उंचवटा शोधतात. नव्या घराचा जोता नेमका तसा उंचवटा असतो.

कीटक आणि कोळी यांतील फरक

कीटकाला सहा पाय आणि शरीराचे तीन भाग असतात. बहुतेक प्रौढ कीटकांना पंखही असतात. कोळ्याला आठ पाय आणि शरीराचे दोन भाग असतात, पंख कधीच नसतात. विंचू, गोचीड आणि माइट हे कोळ्याच्या वर्गातले. गोम, घोण आणि वाणी यांचा गट आणखी वेगळा. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते, वाणीच्या बहुतेक खंडांना दोन. हे वर्गीकरण परीक्षेपुरते नाही. झुरळासाठी ठेवलेले आमिष कोळी खात नाही, कारण तो जिवंत शिकारच धरतो. डासांसाठी लावलेली कॉइल विंचवाचे काही बिघडवत नाही. ज्या जीवावर उपाय करायचा त्याचा आहार माहीत नसेल, तर उपाय वाया जातो.

वर्षाचे वेळापत्रक

मार्च ते मे हा काळ मुंग्या, झुरळे आणि मधमाश्या यांचा. तिघेही पाण्याच्या शोधात घराकडे येतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृगाचा पाऊस झाला की संध्याकाळी दिव्यावर पंखवाल्या वाळवीची झुंबड उडते आणि सकाळी अंगणात लाल मखमली मृगाचे किडे फिरताना दिसतात. हे किडे म्हणजे एक मोठा माइटच. तो माणसाला काहीही करत नाही. जुलै ते सप्टेंबर हा डास, वाळूमाशी, वाणी आणि गवतातील सूक्ष्म माइट यांचा हंगाम. ऑक्टोबरमध्ये धान पिकू लागले, सोयाबीन निघाले की शेतातले तुडतुडे आणि भुंगेरे बेघर होऊन दिव्यांवर येतात. दिवाळीच्या सुमारास पणतीभोवती दिसणारे हिरवे ठिपके बहुधा धानावरचे तुडतुडे असतात. थंडीत हा सगळा बाजार उठतो. वेळापत्रकाला अपवादही घडतात. मे २०२० मध्ये राजस्थान-मध्य प्रदेशमार्गे आलेले वाळवंटी टोळ काटोल परिसरातील संत्राबागांपर्यंत पोचले होते. पण अशा पाहुण्यांची पूर्वतयारी घरपातळीवर करता येत नाही आणि त्याची गरजही नाही.

दिवा

किडे प्रकाशावर झेप घेतात असे समजले जाते. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळे स्पष्टीकरण दिले. उडणारा कीटक आपली पाठ नेहमी अधिक उजेडाच्या बाजूला ठेवतो. लाखो वर्षे रात्रीचा उजेड म्हणजे आकाश, म्हणून ‘वर’ कोणती बाजू हे ओळखण्याची ही भरवशाची पद्धत होती. दिव्याजवळ आल्यावर कीटक दिव्याकडे पाठ करतो, त्यामुळे तिरपा होतो आणि दिव्याभोवती गोल फिरत राहतो. तो आकर्षित झालेला नसून अडकलेला असतो.

यावरून उपायही निघतात. दाराच्या थेट वर लावलेला पांढराशुभ्र एलईडी ही ग्रामीण घरातील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणता येईल. दाराशी अडकलेले शेकडो किडे दार उघडताच आत येतात. त्यांच्या मागे पाली, बेडूक, कोळी आणि कधी त्यांच्याही मागे साप. दिवा दारापासून काही अंतरावर, खाली तोंड करून, वर झाकण असलेला आणि पिवळसर रंगाचा असावा. निळसर-पांढऱ्या प्रकाशाला अधिक कीटक येतात. वाळवी उडते त्या एक-दोन संध्याकाळी बाहेरचा दिवा तासभर बंद ठेवणे हाच पुरेसा उपाय आहे.

कूलर, टाकी आणि शोषखड्डा

डास शेतातून येतात ही समजूत अर्धीच खरी. पूर्वेकडच्या धानाच्या बांधीत क्युलेक्स गटातील डास वाढतात आणि त्यांतील काही जपानी मेंदूज्वराचे वाहक आहेत, हे खरे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस घराच्या शंभरेक मीटरच्या टापूतच जन्मतो आणि दिवसा चावतो. त्याची नागपुरातील लाडकी जागा म्हणजे डेझर्ट कूलर.

येथे थोडे जवळून पाहणे योग्य ठरेल. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. काळे, राईहूनही बारीक ठिपके. पाणी ओतून टाकले तरी ते तसेच राहतात आणि कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात. जूनमध्ये कूलर नुसता रिकामा करून माळ्यावर ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यात पाणी भरले, तर भरल्याबरोबर काही अंडी फुटू शकतात. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ या सरकारी सूचनेचे गणित तेच आहे. मात्र त्या दिवशी टाकी काथ्याने घासली नाही, तर कोरडा दिवस पाळल्याचे केवळ समाधान मिळते. कूलरमधील वाळ्याच्या ताट्या हंगाम संपल्यावर काढून उन्हात वाळवाव्यात किंवा टाकून द्याव्यात.

शोषखड्डा आणि सेप्टिक टँक यांतील घाण पाणी क्युलेक्सला आवडते. टँकच्या वायुनलिकेच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधणे हा काही रुपयांचा उपाय आहे आणि तो नव्या घरांत हमखास राहून जातो. विहीर, हौद, गुरांची टाकी यांत गप्पी मासे सोडता येतात. हे मासे अळ्या खातात. पाणी आटले किंवा टाकीत औषध पडले तर अर्थातच मरतात.

घरातले कोळी

नागपूर परिसरातील घरांत प्रामुख्याने तीन प्रकारचे कोळी भेटतात. पहिला छताच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांवर उलटा लोंबणारा, जळमटे त्याचीच. दुसरा भिंतीवर दिवसाढवळ्या उड्या मारणारा, बोटाच्या पेराहून लहान. त्याला जाळे नसते. डोळ्यांच्या चार जोड्यांपैकी समोरची जोडी मोठी असते आणि माशीवर झेप घेण्यापूर्वी तो अंतर जोखताना स्पष्ट दिसतो. तिसरा सर्वांत जास्त किंकाळ्या ऐकणारा: चपटा, तपकिरी, पायांसह तळहाताएवढा, रात्री न्हाणीघराच्या भिंतीवर स्थिर बसलेला. हाही जाळे विणत नाही. तो झुरळांची शिकार करतो आणि चपट्या शरीरामुळे चौकटीच्या फटीत सहज मावतो. मादी असेल तर पोटाखाली रुपयाच्या नाण्याच्या आकाराची पांढरट अंडपिशवी धरून ती काही आठवडे फिरते.

बहुतेक सर्व कोळ्यांजवळ विष असते, पण ते किड्यांच्या मापाचे. घरातील या तिघांपैकी पहिल्या दोघांचे दात माणसाच्या कातडीत क्वचितच शिरतात. तिसरा हातात दाबला गेला तर चावतो. गांधीलमाशी डसल्यासारखी आग होते आणि ओसरते. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांचा दंश अधिक वेदनादायक असतो, मात्र ते घरात राहायला येत नाहीत. उलट बाजूची नोंद मोठी आहे. २०१७ मधील एका जागतिक अंदाजानुसार पृथ्वीवरील कोळी दरवर्षी ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, आणि त्यांत कीटकांचाच भरणा अधिक. कोळ्यांच्या ज्ञात जातींची संख्या आता ५० हजारांवर गेली आहे. विदर्भातही त्यांचा अभ्यास होतो. दर्यापूरच्या महाविद्यालयात कोळ्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे.

व्यवहारात जळमटे कुंच्याने काढावीत, ती धूळ धरतात आणि पुन्हा विणली जातात. मोठा कोळी नकोसा वाटत असेल तर त्याच्यावर डबा उपडा ठेवून खालून पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर सोडावे. त्याला मारले तरी झुरळे उरलेली असली की त्याच्या जागी दुसरा येतो. मोठ्या कोळ्यांची घरातील संख्या झुरळांच्या संख्येचा बऱ्यापैकी विश्वासार्ह निर्देशांक आहे. स्वयंपाकघराची मोरी झाकली, खरकटे रात्री बाहेर ठेवले नाही, की दोन्ही कमी होतात.

कोळ्यावर आलेला आळ

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लालभडक पट्टा, त्यावर फोड आणि आग. अशा वेळी अंगावर कोळी चिरडला असे म्हणण्याची पद्धत आहे. बहुतेकदा कोळ्याचा त्यात हात नसतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिव्यावर येणारा, मुंगीसारखा लांबट, केशरी-काळ्या पट्ट्यांचा एक छोटा भुंगेरा याला कारणीभूत असतो. शास्त्रीय नाव पिडेरस. तो चावत नाही, डसत नाही. चिरडला गेला तरच त्याच्या शरीरातील पिडेरिन हे दाहक द्रव्य त्वचेवर पसरते. हे द्रव्य त्याच्या शरीरातील सहजीवी जिवाणू तयार करतात. फोड लगेच येत नाहीत, दुसऱ्या दिवशी येतात, त्यामुळे गुन्हेगार सापडत नाही. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा, चुरडू नये. चुरडलाच तर जागा ताबडतोब साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. गंमत अशी की धानाच्या शेतात हाच भुंगेरा तुडतुडे खाऊन शेतकऱ्याचे काम करतो.

कुंभारीण, गांधीलमाशी आणि आग्या मोहोळ

खिडकीच्या चौकटीत, वीजबटणाच्या पेटीवर, टांगलेल्या कोटाच्या घडीतही मातीचे बोटभर घरटे आढळते. ते कुंभारीण माशीचे. एकटीच मादी ओल्या मातीच्या गोळ्या आणून कप्पे लिंपते. असे घरटे हलक्या हाताने फोडले तर प्रत्येक कप्प्यात आठ-दहा लहान कोळी किंवा हिरव्या अळ्या दाटीने भरलेल्या दिसतात. त्या मेलेल्या नसतात, डंखाने बधिर केलेल्या असतात. त्यांच्यावर एक अंडे. अळी बाहेर येते तेव्हा तिला ताजे अन्न तयार असते. ही माशी घरट्याचे रक्षण करत नाही, त्यामुळे तिच्यापासून भय नाही. माती वीजबटणात जाऊ नये एवढेच पाहावे.

गांधीलमाश्यांची गोष्ट निराळी. वळचणीला टांगलेले कागदी पोळे समूहाचे असते आणि समूह त्याचे रक्षण करतो. पोळे मुठीएवढे असताना, रात्री, जाणत्या माणसाकडून काढणे सोपे. मे महिन्यानंतर ते जोखमीचे होते. आग्या मोहोळाच्या माश्या सर्वांत सावधपणे हाताळण्याजोग्या. उंच पिंपळ, पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा येथे त्यांचे एकच मोठे उघडे पोळे लोंबते. ही जात स्थलांतर करते. फुलोरा संपला की पोळे सोडून जाते, त्यामुळे ते उंचावर आणि वर्दळीपासून दूर असेल तर वाट पाहणे हाच शहाणपणा. पोळ्याखाली धूर करणे, फटाके फोडणे, दगड मारणे यांतून सामूहिक हल्ले घडतात. हल्ला झाल्यास तोंड झाकून बंद खोलीत शिरावे. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि विष सोडत राहतो, म्हणून तो नखाने खरवडून लगेच काढावा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते.

विंचू, घोण आणि वाणी

विंचू लाकडाच्या ढिगात, पऱ्हाटी-तुराट्यांच्या रचलेल्या गंजीत, गोवऱ्यांखाली आणि जुन्या कवेलूंच्या छपरात राहतो. मोठी काळी इंगळी भयंकर दिसते, पण तिचे विष तुलनेने सौम्य. आकाराने लहान, तांबूस, बारीक नांग्यांचा लाल विंचू घातक. त्याचे विष हृदय व रक्ताभिसरणावर आघात करते आणि मुलांना त्याचा धोका अधिक. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांवर काम करून प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवली, त्यामुळे लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर घाम फुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यास मंत्र, कांदा, चुना यांत वेळ घालवणे म्हणजे औषधाचा वेळ खाणे. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात हिरवट चमकते. अशी छोटी बॅटरी बाजारात मिळते आणि रात्री अंगण तपासायला ती उत्तम. बूट झटकून घालणे, अंथरूण भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचणे या जुन्या सवयी विंचू, घोण आणि साप तिघांनाही लागू पडतात.

घोणीचा चावा फार दुखतो, धडधाकट माणसाला सहसा यापलीकडे काही होत नाही. वाणी तर चावतच नाही. स्पर्श होताच गुंडाळी होते. पावसात त्यांचे थवे भिंतीवर चढतात ते ओल आणि सडका पाला यांसाठी. झाडूने गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकाव्यात, तिथे त्यांचे काम आहे.

वाळवी

माणसाला निरुपद्रवी, घराला घातक असा हा एकमेव पाहुणा. ग्रामीण बोलीत हिला उधईही म्हणतात. जमिनीत राहणारी वाळवी कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून ती जोत्यावरून मातीच्या नळ्या बांधत आतल्या लाकडापर्यंत पोचते. महिन्यातून एकदा घराभोवती फेरी मारून अशा नळ्या शोधणे हे सर्वांत स्वस्त निदान. नळी नुसती पुसली तर दोन दिवसांत पुन्हा बांधली जाते. उगम शोधून माती उपचारित करावी लागते. इमारतींच्या वाळवीप्रतिबंधासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. त्यात बांधकामापूर्वी आणि बांधकामानंतर करायच्या उपचारांची स्वतंत्र पद्धत दिली आहे. पायाच्या वेळी केलेला उपचार नंतरच्या उपचाराहून स्वस्त आणि परिणामकारक असतो, मात्र तोही कायमचा नसतो. शेतातले वारूळ पाडण्याचे कारण नाही. जंगलात आणि बांधावर सुके लाकूड मातीत मिसळण्याचे मोठे काम वाळवीच करते.

गवतातील सूक्ष्म माइट आणि स्क्रब टायफस

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काहींचा मृत्यू झाला. तेव्हापासून हे नाव विदर्भात परिचित झाले. आजार ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जिवाणूचा. वाहक चिगर, म्हणजे एका माइटची अळी. मृगाच्या किड्याची ही दूरची नातेवाईक, पण आकार सुमारे ०.२ मिलिमीटर. ती आयुष्यात एकदाच, अळी अवस्थेत, प्राण्याच्या अंगावर पोसली जाते. उंदीर-घुशी हे तिचे नेहमीचे यजमान. गवताच्या पात्यांवर ती थव्याने वाट पाहते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चिकटते. चावा दुखत नाही. एक ते तीन आठवड्यांत तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते.

निदानाची मोठी खूण म्हणजे चाव्याच्या जागी पडलेली काळी खपली. विडीचा चटका बसल्यासारखी, कडा लालसर, न दुखणारी. ती काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, कानामागे अशा झाकलेल्या ठिकाणी असते, म्हणून मुद्दाम शोधावी लागते. प्रत्येक रुग्णात ती असतेच असे नाही. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर सुरू झाले तर ताप सहसा दोन दिवसांत उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होतो.

येथे घरबांधणीचा थेट संबंध येतो. नव्या लेआउटमध्ये दहा प्लॉटांपैकी दोनांवर घरे आणि आठांवर गाजरगवत, तरोटा, बांधकामाचा राडारोडा. उंदरांना निवारा व शेजारच्या घरांतून अन्न, माइटला उंदीर, आणि मुलांना खेळायला तेच मैदान. गवत कापणे, अन्नाचा कचरा झाकणे, झुडपात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, परतल्यावर आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात टाकणे, उघड्या गवतावर कपडे वाळत न घालणे, हे साधे उपाय आहेत. नुसते उंदीर मारणे मात्र धोक्याचे, कारण यजमान मेला की भुकेल्या माइटना दुसरा प्राणी शोधावा लागतो. आधी गवत, मग उंदीर, हा क्रम पाळावा. पाळीव कुत्रा आणि गुरे यांच्या अंगावरील गोचीड हा वेगळा प्रश्न. त्याला पशुवैद्यकाचे औषध लागते.

वाळूमाशी आणि चांदीपुरा

१९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव मिळाले. पुढे बराच काळ तो दुर्लक्षित राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, तसेच २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. वाहक मुख्यतः वाळूमाशी. डासाच्या एक-तृतीयांश आकाराची, केसाळ, बसताना पंख उभे ठेवणारी. ती दूर उडत नाही, भिंतीलगत टुणटुणत जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचा ओला कोपरा, शेणाचा ढीग येथे ती वाढते. साधी डासांची जाळी तिला अडवत नाही, कारण ती छिद्रातून आत येते. बारीक विणीची मच्छरदाणी लागते. भेगा लिंपणे आणि गोठा घरापासून दूर ठेवणे हा खरा प्रतिबंध. या विषाणूवर लस किंवा खास औषध उपलब्ध नाही. लहान मुलाला अचानक तीव्र ताप येऊन झटके किंवा बेशुद्धी आल्यास तासाभराचाही विलंब परवडत नाही.

कीटकनाशकांचा उपयोग आणि मर्यादा

कॉइल आणि द्रव यंत्रे बंद खोलीत डासांना काही तास दूर ठेवतात; उघड्या व्हरांड्यात त्यांचा परिणाम जवळजवळ शून्य. धूरफवारणी उडते डास मारते, अळ्यांना हात लावत नाही, म्हणून चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. त्वचेवर लावायची डीईईटी-युक्त मलमे डास आणि चिगर दोघांवर चालतात, पण ठरावीक तासांनी पुन्हा लावावी लागतात. झुरळांसाठी जेलचे आमिष फवाऱ्यापेक्षा सरस, कारण ते थेट खाणाऱ्यापर्यंत पोचते आणि कोळी-पालींना वाचवते. कडुनिंबाचा धूर थोडे काम करतो. तो फुप्फुसात जातो ही त्याची किंमत.

शेतीची औषधे घरात वापरणे ही खेड्यातील सर्वांत गंभीर चूक. शेजारच्या शेतकऱ्याकडून थंड पेयाच्या बाटलीत थोडेसे आणायचे आणि ढेकणांवर शिंपडायचे, ही पद्धत अजून आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या शिवारात. बंद खोलीत काय होईल ते वेगळे सांगायला नको. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण विषारीपणा दाखवतो: लाल सर्वाधिक, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची वस्तू घराच्या उंबऱ्याआत येऊ नये.

आवाराची रचना

घराभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा फरशी किंवा गिट्टीचा मोकळा ठेवावा. कोरडा उघडा पट्टा ओलांडणे बहुतेक रांगणाऱ्या जीवांना नकोसे असते. लाकूड भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून फूटभर उंच रचावे. वेली भिंतीवर चढवू नयेत. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी आणि मोरीला जाळी बसवावी. खिडक्यांना जाळी बसवताना चौकटीच्या कडेची फट बुजवायला सुतार हमखास विसरतो. तिथे उभे राहून करून घ्यावे. बागेचा विचार करताना शेजारचे पीकही पाहावे. संत्राबागेलगत अनेक जण हौसेने गुळवेल लावतात. पण पिकत्या संत्र्यातील रस शोषून फळगळ घडवणाऱ्या पतंगांच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेल यांवरच वाढतात. नव्या रहिवाशाची औषधी बाग शेजाऱ्याचा आंबिया बहार अशी खाऊ शकते.

वैद्यकीय मदत

एका-दोन दंशांची आग, सूज, खाज घरी बर्फ व साबणपाणी यांनी शमते. श्वास लागणे, ओठ-चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे किंवा चक्कर येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असून त्यात मिनिटे मोजावी लागतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक माश्या एकदम डसल्या असतील तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे, कारण मूत्रपिंडावरील परिणाम उशिरा दिसतो. घर घेतानाच जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय कोठे आहे आणि तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे पाहून ठेवावे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या पुढच्या पायऱ्या. पावसाळ्यात दोन दिवसांहून अधिक टिकलेल्या तापात आपण शेतालगत राहतो, गवतात वावर आहे, ही माहिती डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता द्यावी.